सोपविलेला वेळ

‘वेळ मिळाला नाही’ या सबबीइतकी दुसरी कोणतीही सबब शाळेत ऐकू येत नसेल. विद्यार्थी ती गृहपाठाविषयी सांगतात, पालक मुलांच्या अभ्यासाच्या चौकशीविषयी सांगतात, आणि आम्ही शिक्षकही तिचा आश्रय घेण्यात मागे नाही. परंतु दयाळू परमेश्वराने श्रीमंत व गरीब, विद्वान व निरक्षर या सर्वांस दिवसाचे तास सारखेच दिले आहेत. मग उणीव वेळेची आहे की आमच्या कारभाराची, हे ज्याचे त्याने पाहावे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील दाखल्यात एका चाकराने धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेवले. त्याने ते चोरले नव्हते की उधळले नव्हते. तरी तो दोषी ठरला. एस.टी.ची वाट पाहताना किंवा दिवेलागणीनंतर जी पंधरा-वीस मिनिटे हाती येतात, ती पूर्वी पारावरील गप्पांत जात, आता मोबाईलवर जातात. यात पाप ते काय, असे कोणी विचारील. पाप नसेलही, परंतु द्रव्य पुरलेलेच राहिले.

या बाबतीत आमच्याच भागातील दोन उदाहरणे बोधप्रद आहेत. डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ साली सांगलीस आले व त्यांनी लहानशा दवाखान्याने प्रारंभ केला. मिरजेचे रुग्णालय १८९४ साली उघडले, आणि १९२८ साली निवृत्त होईपर्यंत ते या सेवेत राबले. एवढे कार्य एका उत्साहाच्या भरात होत नसते. रोजचा दिवस रोज कारणी लावावा लागतो.

दुसरे उदाहरण साताऱ्याचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून तेथे ‘देवाचा दरबार’ स्थापिला. १९१९ साली ते प्रभूकडे गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. ज्यांना शालेय शिक्षण लाभले नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहिले. १९३६ साली त्याही निवर्तल्या आणि ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. काम शेवटास गेलेले पाहणे आपल्या हाती नाही. आजचा वाटा आज उचलणे मात्र आहे.

याचा अर्थ प्रत्येक क्षण कामास जुंपावा, असा नव्हे. याईराची मुलगी मरणोन्मुख असता प्रभू येशू त्याच्या घरी निघाला होता. घाई करण्यास याहून योग्य प्रसंग कोणता? तरीही बारा वर्षे पीडलेल्या एका स्त्रीसाठी तो भर गर्दीत थांबला, आणि त्या थांबण्याने मुलीचेही काही उणे झाले नाही. दुसऱ्यासाठी थांबण्यात गेलेला वेळ वाया गेला असे समजू नये.

हे आम्ही उपदेशाच्या उच्चासनावरून लिहीत नाही. एकदा एक विद्यार्थी काही विचारण्यास आमच्याकडे आला. वह्या तपासावयाच्या होत्या म्हणून आम्ही त्यास ‘उद्या ये’ असे सांगितले. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी तो आला नाही, व त्याला काय विचारावयाचे होते ते आम्हांस कधीच कळले नाही. वह्या त्याच आठवड्यात तपासून झाल्या. तो प्रश्न मात्र आमच्या हिशेबी राहिला आहे.

विद्यार्थ्यांनो, रात्री प्रार्थनेस बसाल तेव्हा दिवसातील एक तरी घटका कोठे गेली, ते प्रभूस खरेपणाने सांगा. पालकांस आमची विनंती एवढीच की, मूल काही सांगू लागले असता हातातील काम क्षणभर बाजूस ठेवावे. ‘उद्या’ देण्याचे अभिवचन आम्हांपैकी कोणासही मिळालेले नाही. ‘आज’ मात्र आम्हांवर सोपविलेला आहे.