दक्षिणेपायी विकलेली तारामती

मराठवाड्यातल्या वाशीत सप्ताह चालला होता. काल्याच्या आदल्या रात्री महाराजांनी हरिश्चंद्राचे आख्यान लावले आणि रंगात येऊन 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटाचा दृष्टान्त दिला. दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून ते वेश्यावस्तीत गेले. तिथल्या बायकांनीही नको म्हटले. "बघा माउली, बाजारातल्या बाईलाही लाज होती! आणि देवानं लाज कशी राखली बघा. पतिव्रतेचं सोंग पतितेच्या अंगावर चढू दिलं नाही." मंडपात विठ्ठलाचा गजर झाला. पोरगे मांडीवर झोपले होते, म्हणून मी उठलो नाही, एवढेच.

ही गोष्ट सिनेमाच्या गप्पांतही अशीच हसत सांगितली जाते. म्हणून तिचा समाचार घ्यायला हवा.

आधी लाजेचे पाहू. फाळके त्या वस्तीत गेले हे खरे, आणि काहींनी नकार दिला हेही खरे. पण सगळ्यांनी नाही. एक बाई तयार झाली आणि तिने चार दिवस तालीमही केली. पाचव्या दिवशी तिचा धनी संतापून आला आणि तिला घेऊन गेला. मग लाज कुणाला वाटली? तिला बाजारात बसवताना ज्याच्या अब्रूला धक्का लागला नव्हता, त्याची अब्रू कॅमेऱ्यापुढे जागी झाली. महाराजांनी धन्याचा संताप बाईच्या पदरात विनयशीलता म्हणून टाकला.

आता देवाचे. तारामती अखेर अण्णा साळुंक्यांनी केली. ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातला हा आचारी फाळक्यांनी महिना पंधरा रुपयांवर आणला. पुरुषाने स्त्रीपार्ट करणे आपल्याकडे कमीपणाचे नव्हते. बालगंधर्वांचे नाव घेतले की वाद संपतो. पण फाळक्यांना बाईच हवी होती, नाहीतर ते त्या गल्लीत गेलेच नसते. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला आणि त्यानंतरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, त्यांची लेक कमलाबाई मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या, मुलीला घेऊन नाटक कंपनीबरोबर फिरणाऱ्या. त्या काळच्या सोवळ्या डोळ्यांना त्याही बिघडलेल्याच. तारामतीची लाज राखणारा देव काही महिन्यांतच पार्वतीच्या बाबतीत एवढा बेफिकीर कसा झाला?

पण माझे खरे भांडण या दोन मुद्द्यांशी नाही. आख्यानातल्या तारामतीचे काय होते? विश्वामित्राची दक्षिणा द्यायची राहिलेली असते. काशीच्या बाजारात राजा तिला उभी करतो आणि विकतो. दक्षिणेसाठी! म्हणजे बायको विकून आलेला पैसा ज्या हाती पडतो, तो हात ऋषीचा. त्या हाताला विटाळ नाही, विकणारा सत्यवादी, आणि विकलेली सती. तेच मुंबईच्या बाजारात घडले की विकलेली पतिता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी हे महाराजांना विचारले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "माउली, हेतू बघा. तारामती स्वतः म्हणाली, मला विका. पतीच्या वचनासाठी. ह्या बाया पोटासाठी." मार्कंडेय पुराणात राणी स्वतःच तसे सुचवते, हे मान्य. पण घरावरचे कर्ज फिटावे म्हणून 'स्वतःहून' गेलेल्या बायका काय फक्त पुराणातच होतात? आणि धर्माने पोरी बाजाराकडे ढकलल्या, त्याचा हेतू कोणता धरायचा? देवाला सोडलेल्या मुरळ्या, जोगतिणी आपल्या मुलखाला परक्या नाहीत. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या रक्षणाचा कायदा झाला. वाशी तेव्हा निजामाच्या राज्यात, इथे तो लागू नव्हता.

तेव्हा माझे म्हणणे सरळ आहे. फाळके योग्य दाराशी गेले होते. निरुपायाने गेले असतील, पण पोचले बरोबर ठिकाणी. बाजारात उभे राहून आपली किंमत ठरताना ऐकणे म्हणजे काय, हे साळुंक्यांना तालमीने शिकावे लागले असणार. मूकपटात संवाद नसतो. चेहरा आणि उभे राहणेच बोलते. ती चार दिवसांची तारामती तिथे नुसती उभी राहिली असती, तरी पुरले असते.

दोष आपल्याच धर्माचा, असेही नाही. १९२८ साली अमेरिकेत ग्लोरिया स्वॉन्सनचा 'सेडी थॉम्प्सन' आला. बेटावर अडकलेल्या बदनाम बाईला सुधारू पाहणारा डेव्हिडसन अखेर स्वतःच वासनेला बळी पडतो. सॉमरसेट मॉमच्या मूळ कथेत तो मिशनरी होता. पडद्यावर येताना त्याची धर्मोपदेशकाची पदवी काढून टाकली. बाईला पतिता म्हणायला तिथेही अडचण नव्हती. झाकायचे होते ते पाद्र्याला.

'राजा हरिश्चंद्र' मुळात चार रिळांचा. आज उरली आहेत ती पहिले आणि शेवटचे. पहिल्यात राजाराणी आणि धनुर्विद्या शिकणारा राजपुत्र, शेवटच्यात प्रसन्न झालेला देव. काशीचा बाजार मधल्या, हरवलेल्या रिळांत असणार. महाराजांनीही त्या रात्री तो प्रसंग दोन वाक्यांत उरकला होता आणि अभंग धरला होता.