नेपल्सला निवांत

गुलमंडीवरचे दुकान मुलांच्या स्वाधीन करून ज्येष्ठ दांपत्य प्रथमच परदेशी निघणार असेल, तर इटलीतील नेपल्स या भूमध्य समुद्राकाठच्या नगरीत चार दिवस मुक्काम करावा. आठ दिवसांत पाच देश धावत पाहण्यात काय हशील?

येथील पुरातत्त्व संग्रहालयात (मंगळवारी बंद) वीतभर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती आहे. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत ती १९३८ साली सापडली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती आपल्या भोकरदनला उत्खननात मिळाली. त्यामुळे तिचे माहेर हेच असावे, असे काही अभ्यासक मानतात. त्याच शतकातील एका ग्रीक ग्रंथात पैठणचे अकीक आणि तेरचे कापड गाड्यांतून भडोच बंदरात येत असल्याची नोंद आहे. पैठण ते भडोच ही वीस दिवसांची वाट! कापडाच्या पेढीवर आयुष्य गेलेल्याचे पाऊल त्या मूर्तीपुढे थबकणारच.

जूनमध्ये तेथे सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो, त्यामुळे चौविहार सहज साधतो. मात्र पिझ्झ्यावरील चीज बहुधा वासराच्या जठरातील रेनेटने जमवलेले असते. ते आणि कांदा-लसूण नको, असे आधीच सांगावे. खाखऱ्यांचा डबा जवळ असावाच.

सायंकाळी व्हेसुव्हियस पर्वत पाहत किनाऱ्याने फिरावे. दुकानात फोन दिवसातून एकदाच.