चरित्र म्हणजे आरती नव्हे

‘कलाकाराच्या खासगी आयुष्याशी आपल्याला काय करायचंय?’ हा प्रश्न वाटतो तितका निरागस नाही; तो सोयीचा आहे. ‘गिल सॅन्स’ हा टाइप घडवणाऱ्या एरिक गिलने स्वतःच्या मुलींवर लैंगिक अत्याचार केले. नोंदी त्याच्याच डायऱ्यांत होत्या. डिझाइनच्या इतिहासकार फिओना मॅकार्थी यांनी १९८९च्या चरित्रात त्या उघड केल्या. त्यांनी गुन्हा धूसर केला नाही आणि गिलची अक्षरंही कुरूप ठरवली नाहीत. चरित्रकाराचं काम हेच: माणूस आणि त्याचं काम एकाच पानावर ठेवणं. आपल्याकडे मात्र थोरांचं चरित्र म्हणजे आरती! वाचकाला सत्य झेपणार नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण? गप्प राहून कला वाचत नाही. वाचतो तो फक्त गुन्हेगार.