विसर्जन झालेला टर्मिनेटर

रविवारी सकाळी मी पोह्यांवर लिंबू पिळत होतो, तेवढ्यात भाच्यानं जाहीर केलं, "मामा, टर्मिनेटरचा सातवा पार्ट यायलाच पाहिजे!"

लिंबाची बी पोह्यांत पडली. ती शोधायचंही मला सुचलं नाही, इतका मी हादरलो.

"सहा पुरले नाहीत का रे?"

"पुरायला काय? पण शेवटचे बिघडले ना! म्हणून आता एक झकास काढून शेवट नीट करायला हवा."

हे ऐकलं आणि माझ्यातला कारकून जागा झाला. (एरवी तो रविवारी झोपलेला असतो. सोमवारीसुद्धा जरा उशिराच उठतो, असं आमच्या खातेदारांचं मत आहे.) जुनं कर्ज फिटत नाही म्हणून ते फेडायला नवं द्यायचं, नवं थकलं की त्यावर आणखी नवं, आणि कागदावर सगळं कसं हिरवंगार! या उद्योगाला आमच्याकडे एव्हरग्रीनिंग म्हणतात आणि त्यावर रिझर्व्ह बँक डोळे वटारते. हॉलिवूडला रिझर्व्ह बँक नाही. तेव्हा डोळे वटारण्याचं काम अस्मादिकांनाच करणं भाग आहे.

शेवट नीट करायला हवा म्हणे! अरे, शेवट नीट झालेला आहे. १९९१ साली झालेला आहे. माझ्या डोळ्यांदेखत झालेला आहे.

डोळ्यांदेखत म्हणजे १९९३ च्या गणपतीत. अमेरिकेतून सांगलीला आमच्या वाडीपर्यंत पोचायला पिक्चरला तेवढा वेळ लागायचाच. मंडळानं व्हीसीआर भाड्यानं आणला होता. भाडं रात्रीचं, त्यामुळे एका रात्रीत तीन कॅसेटी लावून वर्गणी वसूल करायची हा शिरस्ता. पहिली कॅसेट देवाधर्माची, दुसरी मराठी, विनोदी. ती संपेपर्यंत वडीलधारी मंडळी सतरंजीवरच आडवी होत, आणि मग पोरांसाठी तिसरी, 'इंग्लिश'. त्या रात्री ती 'टर्मिनेटर टू' निघाली. मी बारा वर्षांचा होतो. इंग्रजी कळणारे वाडीत एकटे पोस्टातले काका. ते टीव्हीशेजारी उभे राहून, सत्यनारायणाची पोथी सांगावी तसा अर्थ सांगत होते.

"हा पुढच्या सालातनं आलाय."

"पुढच्या म्हणजे चौऱ्याण्णव?"

"गप बस. २०२९."

तर गोष्ट अशी. स्कायनेट नावाचं एक यंत्र शहाणं होतं आणि २९ ऑगस्ट १९९७ ला अणुबाँब टाकून माणसांचा निकाल लावतं. उरलेली माणसं जॉन कॉनर नावाच्या पुढाऱ्याच्या मागं उभी राहून झुंजतात. म्हणून स्कायनेट मागच्या काळात मारेकरी पाठवतं. १९८४ च्या पहिल्या भागात जॉनच्या आईला, सारा कॉनरला, तो जन्मायच्या आत मारायला. ती बिचारी एका हॉटेलात वेट्रेस असते. चेहऱ्यावरची माशीसुद्धा न उडवणारा तो मारेकरी म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर. हे आडनाव मी तपासून लिहिलेलं आहे. आमच्या काउंटरवर ते आलं असतं तर केवायसी कधीच पूर्ण झालं नसतं.

दुसऱ्या भागात त्याच तोंडाचं यंत्र येतं, पण या वेळी माणसांनी पाठवलेलं, पोराला वाचवायला. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉननं पहिला भाग साधारण चौसष्ट लाख डॉलर्समध्ये उरकला होता. दुसऱ्यावर त्यानं दहा कोटींच्या आसपास उधळले. तोवर कुठल्याच चित्रपटावर एवढा पैसा लागला नव्हता. पण एक डॉलर वाया गेला असेल तर शपथ! तो पाऱ्यासारखा वितळून पुन्हा उभा राहणारा पोलीस दिसला तेव्हा काकांनी भाषांतर सोडून दिलं आणि खाली बसले.

आणि गोष्ट तरी कशी! मायल्स डायसन नावाचा इंजिनिअर असतो. ज्या चिपमधून पुढं स्कायनेट जन्मणार, त्या चिपवर त्याची वर्षानुवर्षांची मेहनत. पुढं काय होणार आहे हे कळल्यावर तो स्वतःच्या हातानं स्वतःचं ऑफिस उडवतो आणि त्यात मरतो. माझ्यासारख्या माणसाला, ज्याला एक जुनं रजिस्टर रद्दीत देताना गलबलतं, हे किती मोठं वाटत असेल विचार करा. शेवटी सगळा धोका संपतो. एकच चिप उरते, ती या चांगल्या टर्मिनेटरच्या डोक्यात. त्याला स्वतःला संपवण्याची सोय नाही. मग तो उकळत्या पोलादावर लोंबणाऱ्या साखळीला धरतो आणि सारा कळ दाबून त्याला खाली सोडते. पोरगा रडतोय. यंत्र बुडतं, आणि शेवटी वर राहतो नुसता अंगठा. आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे चक्क टोपी घालणं. पण मला तो अंगठा पै न् पै फेडून व्हाउचरवर उठवलेला वाटतो.

टीव्हीपुढं चिडीचूप. मागं सतरंजीवर एक आज्जी उठून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "इसर्जन केलं व्हय? बरं झालं. लोखंडाचा हुता, पर येळंवर गेला."

समीक्षा संपली. यापुढं कुणी काही बोलण्यासारखं उरलं नव्हतं. पण हॉलिवूडमध्ये त्या आज्जी नव्हत्या.

२००३ साली तिसरा भाग. त्यात समजलं की १९९७ ची तारीख टळली नव्हती, नुसती पुढं गेली होती. म्हणजे हप्ते बांधून दिले होते! डायसन मेला, अर्नोल्ड बुडला, ते सगळं फुकट. सारा तर दोन भागांच्या मधल्या काळातच रक्ताच्या कॅन्सरनं गेलेली. एक कबूल करतो, खोटं बोलणार नाही: त्या चित्रपटाचा शेवट धीट आहे. बाँब खरोखरच पडतात. पण हा धीटपणा दुसऱ्याच्या ठेवीवर केलेला.

२००९ च्या चौथ्या भागात अर्नोल्ड साहेबांना सवड नव्हती, कारण ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. मग दुसऱ्याच्या धडावर त्यांचं तोंड कॉम्प्युटरनं चिकटवलं. २०१५ चा पाचवा भाग पुन्हा १९८४ मध्ये जातो आणि पहिल्या भागावरच खाडाखोड करतो. ज्या जॉन कॉनरला वाचवायला दोन पिक्चर खर्ची पडले, तोच यात यंत्र होऊन खलनायक बनतो. हे गुपित होतं म्हणता? छे! जाहिरातीतच सांगून टाकलेलं. २०१९ च्या सहाव्या भागात तर कळस. म्हणे मधले तिन्ही विसरा, आम्ही थेट दुसऱ्याला जोडतोय. (आमच्याकडे तीन वर्षांच्या नोंदी अशा 'विसरा' म्हटल्या तर निलंबन होतं.) आणि जोडतात कसं, तर सुरुवातीलाच दहा-बारा वर्षांच्या जॉनला आईच्या डोळ्यांसमोर गोळ्या घालून. त्याला मारणारा टर्मिनेटर पुढं काय करतो? संसार थाटतो आणि पडद्यांचा धंदा काढतो! खिडक्यांचे पडदे! कुठल्या खोलीला कसलं कापड शोभेल यावर तो गंभीरपणे बोलतो. ज्याच्यावर पडदा पडायला हवा, तो पडदे विकतोय.

स्कायनेट नाहीसं झालं म्हणून त्याच्या जागी लीजन नावाचं दुसरं यंत्र. नाव बदललं, तक्रार तीच. मला या यंत्रांची भीती वाटायची आता बंद झाली आहे. आमच्या शाखेत यांतलं कुठलंही आणून बसवा. दुपारी अडीचनंतर "लिंक नाही, उद्या या" म्हणेल.

आणि अर्नोल्ड. माणूस १९४७ चा जन्मलेला. यंत्र म्हातारं का दिसतं, तर म्हणे आतून पोलाद असलं तरी वरची कातडी खरी असते. दर चार-सहा वर्षांनी त्यांना पडद्यावर येताना पाहिलं की मला नोव्हेंबर महिना आठवतो. आमच्याकडे पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात, अगदी तशीच चाल.

मग हे थांबत का नाही? कारण गोष्ट कुणाच्या हातात आहे ते बघा. कॅमेरॉननं पहिल्या चित्रपटाचे हक्क निर्माती गेल अॅन हर्डला एका डॉलरला विकले होते. अट एवढीच, की दिग्दर्शन मी करणार. एका डॉलरला! याच हक्कांच्या पुढच्या मालकाचं, चौथा भाग काढणाऱ्या हॅल्सियन कंपनीचं, २००९ मध्ये दिवाळं निघालं. २०१० मध्ये लिलाव झाला आणि पॅसिफिकॉर नावाच्या एका फंडानं २ कोटी ९५ लाख डॉलर्सना हक्क घेतले. पुढच्या वर्षी ते मेगन एलिसनच्या कंपनीकडे गेले. कंपनीचं नाव अन्नपूर्णा. वाटलं, आता तरी ताटात काही पडेल. पडलं ते आपण पाहिलं.

तारण ठेवलेलं घर लिलावात घेणाऱ्याला परसातल्या आंब्याशी देणंघेणं नसतं. त्याला भाडं पाहिजे. इथं गोष्ट तारण पडलेली आहे. तिला पुढं सांगण्यासारखं काही आहे का, हे कुणी विचारत नाही. गुंतवणूक निघाली का, एवढंच विचारतात. आणि तीही निघत नाही, ही गंमत. दुसऱ्या भागानं जगभर पन्नास कोटी डॉलर्सच्या वर गल्ला जमवला. सहाव्यानं निर्मात्यांना खड्ड्यात घातलं.

हे सगळं मी पोहे गार होईपर्यंत भाच्याला ऐकवलं. भाचा वकील होणार असावा. तो म्हणाला, "मामा, तुझा तो दुसरा भाग, तोही सीक्वेलच होता की! पहिल्यावर थांबले असते तर?"

मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी आधी चहा मागवला.

"अरे, पहिल्यात खातं उघडंच होतं," मी म्हणालो. "सारा पोटुशी, एकटी, समोर वादळ येतंय, असा शेवट. देणं बाकी होतं. दुसऱ्यानं ते फेडलं. नुसतं फेडलं नाही, मारायला आलेल्या यंत्राला जीव लावायला शिकवून व्याजासकट फेडलं. फेडलेल्या खात्यावर पुन्हा हप्ता लावतात का?"

"पण गणपती दरवर्षी येतोच ना? आपणच ओरडतो ना पुढच्या वर्षी लवकर या?"

आतून आमची ही हसली. घरातल्यांना पक्ष नसतो.

"येतो," मी म्हणालो, "पण नव्या मातीचा येतो. गेल्या वर्षीचाच कृष्णेत गळ टाकून वर काढायचा, नाक चिकटवायचं, सोंडेला रंग लावायचा आणि पुन्हा मखरात बसवायचा, असं करतं का कुणी? करा ना यंत्रांवर नवी गोष्ट. आत्ता नाही करायची तर कधी? अर्धं जग यंत्राला विचारून पत्रं लिहितंय. पण नवी माती आणा!"

आणि हे जमत नाही असंही नाही. 'बॅक टू द फ्यूचर'चा तिसरा भाग १९९० मध्ये आला आणि झेमेकिस आणि बॉब गेल या जोडीनं दुकानाला कुलूप लावलं. मागणी किती आली, कुलूप निघालं नाही.

खरं कारण मात्र मी भाच्याला सांगितलं नाही. त्या वयात ते सांगून कळत नाही. आमचं भविष्य लिहिलेलं होतं. वडील बँकेत, म्हणून मी बी.कॉम., म्हणून बँकेच्या परीक्षा, म्हणून बँक. वाडीत सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. त्या रात्री त्या पोस्टातल्या काकांनी शेवटी एक अर्थ सांगितला होता: "ती म्हणती, नशीब लिहिलेलं नसतं. आपण करू तसं हुतं." शेवटचं दृश्य म्हणजे रात्रीचा रस्ता, गाडीच्या दिव्यात दिसतो तेवढाच. कॅमेरॉननं म्हाताऱ्या साराचा, बागेत नात खेळतेय, तारीख टळलीय, असा गोडगोड शेवटही चित्रित केला होता. तो काढून त्यानं हा अंधारातला रस्ता ठेवला. बारा वर्षांचा मी त्या रस्त्यावर कुठकुठं जाऊन आलो! २००३ मध्ये तिसरा भाग लागला तेव्हा मी बँकेच्या परीक्षांचे फॉर्म भरत होतो, आणि पडद्यावर टर्मिनेटर स्वतः सांगत होता, जे व्हायचं ते होणारच. मी तिकिटाचे पैसे देऊन ते ऐकून आलो. पुढं मी चिकटलो, बरं चाललंय, तक्रार नाही. पण तो रस्ता सारानं किंमत मोजून मोकळा केला होता. निर्मात्यांची वाहतूक सुरू व्हावी म्हणून नव्हे.

दुपारी अचानक लक्षात आलं. मी विचारलं, "काय रे, तू दुसरा पाहिलायस ना?"

"क्लिप्स पाहिल्यात. अख्खे पाहिले ते शेवटचे दोन."

बोला! संध्याकाळी टीव्ही लावला, दिवे घालवले. पहिला अर्धा तास त्याच्या हातात मोबाईल होता. पाऱ्याचा पोलीस जाळीच्या दारातून आरपार चालत आला तेव्हा तो मोबाईल सोफ्यावर पडला आणि नंतर कुणी उचलला नाही. डायसनच्या वेळी ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. यंत्र पोलादात उतरलं. अंगठा वर आला आणि गेला. मग तो रस्ता. पडदा काळा झाला, नावं वर सरकू लागली.

भाच्यानं नाक ओढलं. जरा वेळानं हळूच म्हणाला, "पुढं?"

"पुढं काही नाही," मी म्हणालो आणि टीव्ही बंद केला. "चल, मामीनं पानं वाढलीत."