सोयाचा डबा आणि वैद्याचा शब्द

अलीकडे अनेक औषधालयांत च्यवनप्राशाच्या शेजारी सोया-प्रथिनांचे डबे व आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या येऊन बसल्या आहेत. कोलेस्टेरॉल उतरते, हाडे बळकट होतात, रजोनिवृत्तीचा त्रास शमतो, असे त्यांविषयी सांगितले जाते. रुग्ण ते घेतो तो बहुधा वैद्याच्या शब्दावर. म्हणून या दाव्यांची परीक्षा करणे आपलेच कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.

कोलेस्टेरॉलचा दावा अगदीच निराधार नव्हता. १९९५ साली ३८ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात, रोज सरासरी ४७ ग्रॅम सोया-प्रथिने घेतल्यास एलडीएल सुमारे १३ टक्के घटते, असा निष्कर्ष निघाला. १९९९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रोज २५ ग्रॅम सोया-प्रथिनांचा हृदयरोगविषयक दावा मान्य केला. परंतु २००६ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने २२ चाचण्या तपासल्या, तेव्हा रोज सरासरी ५० ग्रॅम प्रथिने देऊनही घट केवळ ३ टक्क्यांच्या आसपास आढळली. २०१७ मध्ये त्याच प्रशासनाने आपली मान्यता मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. चमचा-दोन चमचे भुकटीतून यांपैकी किती ग्रॅम पोटात जातात, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

हाडांची कथाही अशीच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रजोनिवृत्तीनंतरच्या २४८ स्त्रियांचा दोन वर्षे अभ्यास झाला. रोज २०० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन घेऊनही अस्थिक्षय थांबला नाही. अंगातून निघणाऱ्या वाफांविषयीचे निष्कर्ष तर परस्परविरोधी आहेत.

‘आयुर्वेदास पाश्चात्त्य चाचण्यांची कसोटी कशाला?’ असे कोणी विचारील. परंतु हा दावाच तेथून उसना आणलेला आहे. बृहत्त्रयीत सोयाबीनचे वर्णन नाही. आप्तोपदेशाचा आधार येथे मिळत नाही. शिंबीधान्य म्हणून त्याच्या गुणांचे अनुमान करता येईल, पण त्यास ‘शास्त्रोक्त’ म्हणता येणार नाही. चरकाचार्यांनी प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही परीक्षेची साधने दिली, ती अशाच प्रसंगांसाठी.

आमची चूकही येथे नोंदवतो. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या एका भगिनीस आम्हीच ही भुकटी सुचविली. सकाळची गोळी व भुकटीचे दूध ती एकाच वेळी घेऊ लागली आणि स्थिर असलेला टीएसएच वाढला. सोयामुळे त्या गोळीचे शोषण कमी होऊ शकते, हे आम्ही आधी विचारात घ्यावयास हवे होते. दोहोंत काही तासांचे अंतर ठेवल्यावर तो पूर्ववत झाला.

सोयाबीन धान्य म्हणून उत्तमच आहे. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याचा संसार त्यावर चालतो. ज्याचा अग्नी ते पचवू शकेल, त्याने ते अवश्य खावे. प्रश्न आहे तो अन्नास औषधाचा मुखवटा चढविण्याचा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ अन्वये १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, हे औषधालय-चालकांनी ध्यानी ठेवावे.

डबा देण्यापूर्वी एका मात्रेत प्रथिने किती हे वाचावे, रुग्णाच्या चालू औषधांची चौकशी करावी, आणि ‘हे पोषण आहे, उपचार नव्हे’ असे स्पष्ट सांगावे. विक्री थोडी घटेल. परंतु ज्या शब्दावर रुग्ण आपल्याकडे येतो, तो शब्द शाबूत राहील.