घरातील यंत्रे : कोठी आणि दागिन्यांचा डबा

घरातील धान्याची कोठी भरली म्हणजे जादा पोती माळ्यावर जातात. दागिन्यांचा डबा मात्र तेथे कोणी ठेवीत नाही. ज्या घरी मुलांसाठी गेमिंग कन्सोल आला आहे, तेथेही हाच विवेक उपयोगी पडतो. उदाहरणादाखल प्लेस्टेशन ५ हे यंत्र घेऊ.

२०२० साली हे यंत्र प्रथम विक्रीस आले, तेव्हा त्याच्या अंतर्गत भांडाराची क्षमता ८२५ गिगाबाइट होती; पैकी सुमारे ६६७ गिगाबाइट जागाच खेळांच्या वाट्यास येत असे. एकेका मोठ्या खेळाला १०० गिगाबाइट लागणे आज नवलाचे नाही. साहजिकच काही थोड्या खेळांतच कोठी भरते आणि कोणता खेळ पुसावा यावरून भावंडांत कलह सुरू होतो.

यावर उपाय म्हणजे बाहेरून जोडावयाची यूएसबी डिस्क. ती किमान २५० गिगाबाइट व कमाल ८ टेराबाइट क्षमतेची, सेकंदाला ५ गिगाबिट किंवा अधिक वेगाची असावी आणि मध्ये हब न घालता थेट यंत्राला जोडावी. प्लेस्टेशन ४ चे खेळ या डिस्कवरूनच खेळता येतात. प्लेस्टेशन ५ चे खेळ मात्र तेथे केवळ ठेवता येतात. खेळण्यापूर्वी ते आत आणावे लागतात, कारण त्यांची रचना आतील भांडाराच्या मोठ्या वेगावर विसंबून असते. तथापि इंटरनेटवरून सारा खेळ पुन्हा उतरवून घेण्यापेक्षा ही ने-आण बहुधा पुष्कळ लवकर होते.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. जोडलेली डिस्क यंत्र प्रथम फॉरमॅट करते, म्हणजे तिच्यावरील सर्व काही पुसून टाकते. लग्नाची छायाचित्रे असलेली डिस्क मुलांच्या हाती कदापि देऊ नये.

आता दागिन्यांच्या डब्याविषयी. मुलांनी महिनोन्महिने खेळून जे साधले, त्याची नोंद 'सेव्ह' या स्वरूपात राहते. १९९४ साली जपानात निघालेल्या पहिल्या प्लेस्टेशनची ही नोंद १२८ किलोबाइटच्या मेमरी कार्डावर असे व ते खिशात घालून मित्राकडे नेता येई. प्लेस्टेशन ५ च्या खेळांना ही सोय नाही. खेळ बाहेरील डिस्कवर हलविला, तरी त्याची नोंद यंत्रातच राहते. खेळ पुसल्याने ती जात नाही. परंतु यंत्रच निकामी झाले, तर तिच्याबरोबर मुलांचे सारे श्रमही जातात. खेळ पुन्हा उतरवून घेता येतो, नोंद तशी मिळत नाही.

तिच्या रक्षणाचे मार्ग दोन. वर्गणी भरून प्लेस्टेशन प्लसचे सभासद झाल्यास नोंदी क्लाउडमध्ये ठेवता येतात. वर्गणी नको असल्यास सेटिंग्जमधून संपूर्ण यंत्राचा बॅकअप वेगळ्या यूएसबी डिस्कवर घ्यावा. मात्र तो परत भरताना यंत्रात त्या वेळी असलेले सर्व पुसले जाते, हे ध्यानी असू द्यावे.

तेव्हा नवी डिस्क आणाल त्याच दिवशी मुलांना जवळ बसवून एवढेच विचारा : खेळांची सोय झाली, नोंदींचे काय केले? उत्तर समाधानकारक नसेल, तर बॅकअपचे काम त्यांच्याकडूनच करवून घ्या.