रक्त कमी आहे, पण का?



शब्बाथच्या प्रार्थनेनंतर सिनेगॉगच्या अंगणात मला हमखास एक प्रश्न विचारला जातो. "मावशी, रक्त कमी निघालंय. कुठली गोळी घेऊ?" तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे. आधी विचारायला हवे, रक्त कमी का झाले? ताप हे जसे लक्षण आहे, तसेच रक्तक्षय हेही लक्षण आहे. पुरुषांत हिमोग्लोबिन १३ च्या खाली, स्त्रियांत १२ च्या खाली आणि गरोदरपणी ११ च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात. कारण मात्र शोधावे लागते.

आमच्या शेजारचे एक भाऊ सत्तरीच्या घरात. दम लागतो म्हणून बायकोच्या लोहाच्या गोळ्या वर्षभर घेत राहिले. थोडे बरे वाटायचे, पुन्हा थकवा. शेवटी मुलीने ओढून डॉक्टरकडे नेले. आतड्यातून थोडे थोडे रक्त जात होते आणि तिथे गाठ निघाली. ऑपरेशन झाले, भाऊ आज आपल्यात आहेत. पण ते वर्ष फुकट गेले. पुरुषांत, किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी निघाले, तर रक्त कुठून जाते हे पाहिलेच पाहिजे. रोजची अॅस्पिरिन आणि सांधेदुखीच्या गोळ्यांनीही पोटात रक्तस्राव होतो.

लोहाची कमतरता हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. फेरिटिनच्या तपासणीत तो कळतो. गोळी चहाबरोबर घेऊ नका. आपला दूध घातलेला चहा लोह शोषू देत नाही. संत्र्याच्या रसाबरोबर घ्या. कॅल्शियम आणि थायरॉईडच्या गोळ्यांपासून ती लांब ठेवा. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन भरले म्हणून लगेच थांबू नका. शरीरातला साठा भरायला पुढे आणखी साधारण तीन महिने लागतात. गोळी सोसतच नसेल तर लोह सलाईनमधून देतात.

दुसरा प्रकार बी-१२ च्या कमतरतेचा. मधुमेह आपल्यात घरोघरी आहे. मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताची ओमेप्राझोल वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकते. पायांना मुंग्या, विसराळूपणा, तोल जाणे यांना नुसते "वय झालं" म्हणू नका. इथे फक्त फॉलिक अॅसिड घेणे धोक्याचे. रक्त सुधारते, पण नसांचे नुकसान आतून चालूच राहते. इंजेक्शन किंवा जास्त मात्रेच्या गोळ्या हा यावरचा उपाय. मूत्रपिंड कमजोर असेल तर कारण वेगळेच, आणि त्यासाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने लागतात.

तिसरा प्रकार जन्मजात. थॅलॅसेमियाचे वाहक भारतातही आहेत आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांतही. वाहकाचे रक्त लोहाच्या कमतरतेसारखेच दिसते, पण लोह कमी नसेल तर गोळ्यांचा उपयोग नाही, उलट लोह साठून अपाय होतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात गंभीर आजाराची शक्यता चारांत एक असते. आज आपल्या सुना-जावई इराकी, कुर्दी, मोरोक्कन घरांतले आहेत, ही आनंदाचीच गोष्ट. पण कुर्दी आणि इराकी कुटुंबांत जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता बरीच आढळते. अशा मुलाने फूल, म्हणजे बाकला, खाल्ले तर लाल पेशी भराभर फुटू शकतात. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर वाट पाहू नका. नातवंडाला फूल भरवण्याआधी सूनबाईंना विचारून घ्या.

आपल्या ज्येष्ठांना हिब्रूत सगळे सांगता येत नाही, म्हणून ते "बेसेदेर" म्हणून उठून येतात. मुलांनो, कुपत खोलीममध्ये आईवडिलांबरोबर जा. घरातल्या सगळ्या औषधांची यादी न्या. चिठ्ठी हातात घेण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारा: "रक्त कमी का झाले?" उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.